बिनदोऱ्याचं मशीन

राधाक्काशी मी शेवटचं बोलले ते खोटं बोलले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर चार गोड आठवणी लिहून मी मोकळी होईन आणि वाचणाऱ्याला वाटेल, काय गुणाची भाची आहे! इस्पितळात भिंतीकडच्या खाटेवर ती पडून होती. मी मोसंब्याचा रस घेऊन गेले होते, तो तिनं दोन घोट घेऊन बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, "कुसुमे, मीनाला सांगितलंस?" मीना माझी मुलगी, गेल्या श्रावणात तिला अकरा पूर्ण झाली. काय सांगितलंस, हे अक्का बोलली नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. दोन वर्षं ती हेच विचारत होती आणि मी "सांगते गं, एवढी कसली घाई" म्हणून उडवून लावत होते. त्या दिवशी मात्र तिच्या हातांच्या झालेल्या काड्या बघून माझा धीर सुटला. म्हटलं, "हो अक्का, सांगितलं." तिचे डोळे एकदम उजळले. "सांगितलंस? मग तिनं काय विचारलं?" मी गडबडले. "काही नाही गं... ऐकून घेतलं." अक्का माझ्याकडे बघत राहिली. ज्या मुलीला खरंच सांगितलंय ती काहीतरी विचारतेच, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता हे कचेरीतून अचानक परत आले. दारात त्यांचा चेहरा बघितला आणि अक्का गेली हे मला कळलं. त्याला आता सहा आठवडे होतील.

अक्का म्हणजे माझी आत्या, अण्णांची धाकटी बहीण. माझं माहेर चामराजपेटेतलं. आमच्या घराण्याला बेंगळुरात येऊन किती पिढ्या झाल्या हे आम्हालाही सांगता येत नाही. पुण्याकडचे पाहुणे आले की आमचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात, कारण आम्ही "जरा थांब" म्हणायच्या ऐवजी "स्वल्प थांब" म्हणतो आणि आत्यालासुद्धा अक्का म्हणतो. हसोत बापडे. तर अक्काचा नवरा तिच्या विसाव्या वर्षी गेला आणि ती माहेरी परत आली. पण तोंड झाकून बसून राहायचा तिचा पिंडच नव्हता. ती शिवण शिकली आणि एका प्रसूतिगृहात चादरी, डॉक्टरांचे झगे, बाळांची झबली शिवायच्या कामावर लागली. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा तिच्यावर फार जीव. त्यांनी तिला आठ वर्षांत शरीराविषयी जे जे शिकवलं ते आमच्या सगळ्या घराण्यात मिळून कुणाला माहीत नव्हतं. पुढं त्या बाई गाव सोडून गेल्या आणि अक्कानंही ते काम सोडलं. घराच्या मागच्या खोलीत पायाचं मशीन मांडून ती शेजारपाजारचं शिवू लागली. प्रसूतिगृहातलं ती फारसं बोलत नसे. एकदाच म्हणाली होती, "पंधरा-सोळाच्या पोरी यायच्या गं तिथं. आपल्याला काय झालंय ते त्यांनाच ठाऊक नसायचं. आणि मी त्यांच्या बाळांची झबली शिवायची..."

माझी स्वतःची कथा ऐकलीत तर हसाल. मी चौदाची होते, स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्याकडे पाळीला मराठी शब्द उच्चारायची सोय नव्हती. आईला तो फार उघडावाघडा वाटायचा. म्हणून आम्ही कन्नड शब्द वापरायचो, मुट्टु. आता मुट्टु म्हणजे शिवणं, हात लावणं, आणि मुट्टु म्हणजे पाळीही. परक्या भाषेतला शब्द घेतला की लाज निम्मी होते अशी आमच्या बायकांची समजूत, पण त्यात माझा जीव जायची वेळ आली. मला पहिल्यांदा झालं तेव्हा आईनं कोपऱ्यात बसवून एकच वाक्य सांगितलं होतं, "आता यापुढं कुठल्या मुलाला शिवायचं नाही. शिवलीस तर काहीतरी होऊन बसेल." आणि शेजारच्या बायका नळावर एखादीला दिवस गेल्याचं सांगताना कुजबुजायच्या, "मुट्टु निंतु." म्हणजे मुट्टु थांबलं. माझ्या डोक्यात हिशेब पक्का बसला. मुलाला शिवलं की शिवणं थांबतं, आणि शिवणं थांबलं की मूल होतं. गणितात मी नेहमीच हुशार!

एका मंगळवारी आम्ही बनशंकरीच्या देवळात गेलो होतो. तेव्हा ते देऊळ पार गावाबाहेर, वाटेत सगळी शेतं. लिंबाच्या वाट्यांत दिवे लावून आम्ही जटक्यातून, म्हणजे टांग्यातून, परत आलो. बरोबर शेजारचे लोक आणि त्यांच्याकडे शिकायला राहिलेला त्यांचा भाचा होता. जटक्याची मागची पायरी उंच, घोडा अस्वस्थ. त्यानं हात पुढं केला आणि मी तो धरून उतरले. इथवर ठीक होतं. पण खाली उतरल्यावरही मी तो लगेच सोडला नाही. मीच. त्याच्या बिचाऱ्याच्या लक्षातही आलं नसेल, पण माझ्या छातीत धडधडलं आणि मला ते आवडलं... आणि त्या महिन्यात माझी पाळी आलीच नाही. दुसऱ्या महिन्याचेही दिवस उलटून गेले. काय सांगू, मी रात्रंदिवस पोटावर हात ठेवून असायची. दर मंगळवारी बनशंकरीला जाऊ या म्हणून आईच्या मागं लागायची आणि आई कौतुकानं सगळ्यांना सांगायची, पोरगी किती देवभोळी आहे बघा! जेवण उतरेनासं झालं. परसातल्या विहिरीशी जाऊन मी कितीदा उभी राहिले होते हे आजपर्यंत मी कुणाला सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय.

अशात शाळेचं पोलकं शिवायचं म्हणून अक्कानं मला मापाला उभं केलं. टेप छातीशी धरून म्हणाली, "अगं बाई, दोन इंच उतरलीस की! जेवत नाहीस?" मग ती कमरेचं माप घ्यायला लागली तेव्हा मी हळूच म्हटलं, "अक्का, इथं माया भरपूर सोड हं." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादाचं कापड, पुढं उसवून सैल करता यावं म्हणून. "किती सोडू?" "खूप... पोट मोठं होईल ना." अक्काच्या हातातला टेप तसाच राहिला. तिनं उठून दार लोटलं, मला समोर बसवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "कोण आहे?" मी रडत रडत सगळं सांगितलं, जटका, पायरी, हात. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. अक्का म्हणाली, "हात? नुसता हात?" मी मान हलवली. तेव्हा तिनं मला पोटाशी धरलं आणि तीच रडायला लागली. मी तिला रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

मग तिनं बेतायचा खाकी कागद जमिनीवर पसरला, खडू घेतला आणि त्यावर काढून दाखवलं, बाईच्या पोटात काय असतं, पुरुषाचं काय, मूल कसं राहतं, कशानं राहत नाही. खालच्या आवाजात नाही, डोळे चोरून नाही. बाही कशी जोडायची हे सांगावं तसं. या वयात पाळी मागंपुढं होते, आणि तू उपाशी राहून ती आणखी लांबवलीस, म्हणाली. "हात धरल्यानं काही होत नाही. धरावासा वाटला यातही काही वाईट नाही, कुसुमे, मलाही वाटायचा. पण तुला नको असताना कुणी धरला आणि सोड म्हटल्यावर सोडला नाही, तर मोठ्यानं ओरडायचं. मग तो घरातला का असेना." एवढ्यात बाहेरून आईची हाक आली, "वन्सं, मशीन का थांबलं? पोलकं शिवताय ना?" आम्ही दोघी दचकलो. अक्कानं सुईतला दोरा ओढून काढला, रिकाम्या मशीनवर पाय मारायला सुरुवात केली आणि ओरडली, "शिवत्येय हो वहिनी!" आणि त्या खडखडाटात पुढचं सगळं सांगितलं. मला त्या दिवशी संध्याकाळी सपाटून भूक लागली. चार दिवसांनी पाळी आली.

त्यातून पुढं शनिवारचा शिवणाचा क्लास निघाला. तेरा ते सतरा वयाच्या सात मुली, सगळ्या ओळखीतल्या घरांतल्या. पहिला तास खरंच शिवण असायचं, अक्का टाका वाकडा गेला तर उसवायला लावायची, तिथं दयामाया नाही. दुसऱ्या तासाला ती दोरा काढायची आणि मला मशीनवर बसवायची. बाहेर आया ऐकायच्या, मशीन चाललंय, पोरी कामाला लागल्यात. ज्यांना तोंडानं विचारायची लाज त्यांनी चिठ्ठी लिहून बटणांच्या डब्यात टाकायची, नाव घालायचं नाही. अक्का चिठ्ठ्या एकेक काढून वाचायची. कुणी मुलगा आवडला तर ते प्रेम असतं का? त्यानं पत्र लिहिलं तर उत्तर द्यावं का? लग्नाच्या रात्री काय होतं? अक्का कुठल्याच प्रश्नाला हसली नाही आणि आम्हालाही हसू दिलं नाही. माहीत नसेल तर "मला ठाऊक नाही" म्हणायची. एकदा चिठ्ठी निघाली, "आमच्याकडे एक काका येतात ते मला जवळ ओढून बसवतात. मला आवडत नाही. आई म्हणते, त्यांचा स्वभावच प्रेमळ आहे." अक्कानं मला मशीन थांबवायला सांगितलं. म्हणाली, "आज मी प्रत्येकीला घरापर्यंत सोडायला येणार." आणि खरंच सातही घरी गेली, दुसऱ्या तासाचं नाव न काढता प्रत्येक आईशी दार लावून बोलली. चिठ्ठी कुणाची ते आम्हाला कळू नये म्हणून. त्यानंतर एक काका कुठल्या तरी घरी यायचे बंद झाले असणार. कुठल्या, ते मला अजूनही माहीत नाही.

हे सगळं दोन वर्षं चाललं. मग एकदा गिरिजा नावाच्या मुलीनं पोलक्याचा कागदी बेत घरी नेला आणि त्याच्या पाठीमागं अक्काचं ते खडूचं चित्र होतं. पुसायचं राहून गेलेलं! तासाभरातच गिरिजेची आई आणखी दोघींना घेऊन आमच्या घरी आली. कागद अण्णांच्या पुढ्यात टाकून म्हणाली, "हे शिवण शिकवतात होय तुमच्या भगिनी?" अण्णांचा चेहरा काळा ठिक्कर पडला. अक्का दाराशी उभी होती. तिनं काही नाकारलं नाही. "मुलींना ठाऊक असावं असं मला वाटतं," एवढंच म्हणाली. मग अण्णांनी मला बोलावलं. मी तेव्हा सोळाची. "कुसुम, तू दर शनिवारी तिथं असतेस. ही काय काय सांगते?" सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी एवढंच म्हणायला हवं होतं, अण्णा, अक्कानं सांगितलं म्हणून मी आज जिवंत आहे. तेवढंच. आणि मी म्हणाले, "मी मशीन चालवते, अण्णा. त्या आवाजात मला काही ऐकू येत नाही."

गिरिजेची आई तरातरा मागच्या खोलीत गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, सुईत दोराच नाही! मग आवाज कसला करत होत्या?" म्हणजे मी अंग काढून घेतलं ते घेतलंच, वर अक्काची युक्तीही माझ्याच तोंडानं उघडी पाडली. अण्णा म्हणाले, "राधे, हे बंद." अक्कानं माझ्याकडे बघितलं. तिला म्हणता आलं असतं, विचारा या तुमच्या मुलीलाच, पोलक्याला माया कशासाठी सोडायला सांगत होती! त्या संध्याकाळी तिनं मला नेहमीसारखं वाढलं, सारावर तूप घातलं आणि म्हणाली, "जेव." मला त्यापेक्षा मार बसलेला चालला असता.

क्लास बंद झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला विमल राहायची, पंधरा वर्षांची, लांब वेणीची, कुणी विचारलं तरच बोलणारी. एका सकाळी ती गेल्याचं कळलं. घरचे म्हणाले, ताप आला होता. नळावर मात्र बायका एकमेकींच्या कानाला लागून तेच दोन शब्द बोलत होत्या, मुट्टु निंतु. खरं काय ते देवाला ठाऊक. विमलला खरंच दिवस होते, की तीही माझ्यासारखीच कुणाचा तरी हात धरून घाबरली होती, हे कुणी विचारलं नाही आणि आता कुणाला कळणारही नाही. अक्का दुपारभर मशीनपुढं बसून होती, पुढ्यात कापड नव्हतं. मी दाराशी जाऊन उभी राहिले तेव्हा म्हणाली, "तिच्या आईनं विचारलं होतं गं, पुढच्या वर्षी विमलला क्लासला घ्याल का म्हणून. मी हो म्हटलं होतं." तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पण मला मोजता येतं. अण्णांनी विचारलं तेव्हा मी खरं बोलले असते, तर कदाचित क्लास चालू राहिला असता, आणि कदाचित विमलची एक चिठ्ठी त्या डब्यात पडली असती. कदाचितच. या एका शब्दावर मी इतकी वर्षं काढली.

एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी बेंगळुरातल्याच मल्लेश्वरमला आले. लग्नाच्या आधी आईनं मला दागिने कसे सांभाळायचे ते सांगितलं. बाकीचं सांगायला तोंडच नव्हतं, तिचा दोष नाही, तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. अक्का एक पोलकं घेऊन आली. "दोन बोटं माया सोडल्येय, बरं का. आता लागेल," म्हणाली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आम्ही दोघी त्यावर हसलो. तेव्हा माफी मागायची होती. ओठांवर आली होती... तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि राहून गेलं. पुढं अक्का उशांचे अभ्रे शिवायची, पडद्यांना पट्ट्या लावायची. मुली तिच्याकडे येत नसत. मीना झाली तेव्हा झबल्यांचा ढीग घेऊन आली आणि बाळाला मांडीवर घेऊन मला म्हणाली, "हिला वेळेवर सांग हं, कुसुमे. मला शब्द दे." मी शब्द दिला. आणि मीनाचं वय वाढत गेलं तशी मी आईसारखीच होत गेले. मीनानं काही विचारलं की मला स्वयंपाकघरात काम निघायचं. मला अक्कानं सगळं सांगितलं होतं, शब्द दिले होते, चित्रं दिली होती, आणि तरी माझी जीभ उचलत नव्हती! याला काय म्हणावं?

अक्काची खोली आवरताना फारसं काही निघालं नाही. चार लुगडी, चष्मा, बटणांचा डबा. डब्यात चिठ्ठी नव्हती, मी बघितलं. मशीन मी मागून घेतलं आणि ते आमच्या मधल्या खोलीत खिडकीशी ठेवलं. पाच आठवडे त्यावर मी कापड टाकून ठेवलं होतं, नजर जायला नको म्हणून. गेल्या रविवारी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मीनानंच कापड काढलं आणि म्हणाली, "आई, शिवायला शिकव ना मला." मी बसले, सुईत दोरा ओवला, एक सरळ शिवण घालून दाखवली. माझ्या खांद्यावरून वाकून ती बघत होती. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता आणि मला एकाएकी इस्पितळातली ती भिंतीकडे वळलेली पाठ दिसली. मी दोरा ओढून काढला. पाय मारायला लागले. मशीन खडखडायला लागलं आणि त्या आवाजात, सुईकडे बघत, मी सुरुवात केली, "मीना, तुला एक सांगायचंय. लवकरच तुला..." शब्द अक्काचेच होते, ओळीनं येत होते.

मीनानं माझा दंड धरून हलवला. "आई, मशीन थांबव ना. मला काही ऐकू येत नाही."

मी थांबवलं. घरात कुणी नव्हतं, मुळात कुणापासून लपवायचं होतं ते मलाच कळेना. स्टूल ओढून मी तिच्याकडे तोंड करून बसले आणि पहिल्यापासून सांगितलं, मुट्टु म्हणून नाही, पाळी म्हणून. चुकत, अडखळत, पण सगळं. कागद नव्हता, म्हणून रद्दीच्या वर्तमानपत्रावर खडूनं काढून दाखवलं. हात धरण्याचंही सांगितलं, आणि ओरडण्याचंही. मीना एकदाही हसली नाही. सांगून झाल्यावर तिनं मशीनच्या चाकावरून एकदा बोट फिरवलं. मग तिनं मान वर केली आणि एक प्रश्न विचारला.

काय विचारलं ते इथं लिहीत नाही. ते अक्काला सांगायचं होतं...